एकदाच आलेला मेंढका

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात द्वारकाबाई रद्दी विकायची. बकऱ्यांच्या बाजाराकडून भाजीकडे वळताना निंबाची रांग लागायची, त्यातल्या शेवटच्या झाडाखाली तिचं गोणपाट असायचं. त्यावर दगड ठेवून दाबलेले गठ्ठे. जुनी उर्दू वर्तमानपत्रं, गेल्या सालची पंचांगं, शाळेच्या वह्या आणि इंग्रजी चित्रांची साप्ताहिकं.

ही साप्ताहिकं दुसऱ्या कोणाकडे मिळत नसत. तिचा नवरा रामकिसन छावणीतल्या ऑफिसर मेसमध्ये बेअरा होता. गोरे साहेब कायमचे निघून गेले तेव्हा त्यांच्या पोरांची साप्ताहिकं कोठीत पडून राहिली. रामकिसननं ती हातगाडीवर घालून घरी आणली. पुढं तो विषमज्वरानं गेला आणि द्वारकाबाई त्याच गठ्ठ्यांवर बाजारात बसू लागली. छावणीतली शाळकरी पोरं चित्रांसाठी न्यायची. फाटकी पानं ती किराणावाल्यांना पुड्यांसाठी द्यायची.

द्वारकाबाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं सगळी पाठ होती. त्यातली एक गोष्ट दर अंकात असायची. बहीणभाऊ शेळीच्या गाड्यात बसून गावोगाव हिंडतात, वाट चुकतात आणि भेटेल त्याला वाट विचारतात. कधी दूधवाला भेटायचा, कधी जाडी नर्स, कधी दिवे लावणारा म्हातारा. तो हात लांब करून वाट दाखवायचा आणि गाडा पुढं जायचा. भावंडं पुढच्या आठवड्याला परत यायची. वाट दाखवणारा परत यायचा नाही.

लग्नानंतर नवं नवं असताना तिनं रामकिसनला विचारलं होतं, "यांचं पुढं काय होतं हो?"

"कुनाचं?"

"या वाट सांगणाऱ्यांचं."

"त्यांचं काय व्हायचंय? ते राहतात तिथंच उभे," रामकिसन म्हणाला होता. "आणि बोलतात काय, तर सगळे एकच. 'तिकडं.' तेवढाच शब्द लिहिलाय सगळ्यांच्या तोंडाशी. पगारसुद्धा एकाच शब्दाचा मिळत असंल."

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला सहा वर्षं झाली होती. खरीप निघालं होतं आणि रिकाम्या वावरांत मेंढरं बसवायचे दिवस आले होते. अशा एका गुरुवारी आक्काबाई तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली. फुलंब्रीकडची धनगरीण. घोंगड्या विकायला बाजारात यायची, त्यामुळं तोंडओळख होती. तिनं कनवटीचा कागद काढला आणि गुडघ्यावर सारखा केला.

"ह्यो तुपला का, बाई?"

"कुठं मिळाला?"

"डाळीची पुडी व्हती."

"मग माझाच. फुलंब्रीचे दुकानदार माझ्याकडूनच रद्दी नेतात. का, डाळ किडकी निघाली का काय? ती काही मी भरत नाही."

"डाळ चांगली हाय. ह्यो मपला ल्योक हाय."

द्वारकाबाईनं कागद पाहिला. शेळीच्या गाड्याची गोष्ट. गाड्यात भावंडं पाठमोरी, आणि त्यांच्यासमोर एक मेंढका. खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी, डाव्या हातात टोकाला वाकवलेली काठी, उजवा हात सरळ पुढं केलेला. चित्रकारानं तो असा काढला होता की बोट भावंडांच्या डोक्यावरून नेमकं कागद धरणाऱ्याच्या तोंडावर यायचं.

ती हसली. "आक्का, हा गोऱ्यांचा मेंढका आहे. पायात बूट बघ की."

"मिल्ट्रीत गेल्यावर बूट देत्यात. मला काय कळत नाय व्हय? घोंगडी कशी टाकलीय बघ. काठी डाव्या हातात हाय. मपला मल्हारी डावखुरा व्हता."

"आणि हा कपाळावरचा डाग?"

मेंढक्याच्या उजव्या कानशिलावर, भुवईच्या वर, बोराएवढा काळा ठिपका होता. आक्काबाईनं तो अंगठ्यानं घासून पाहिला.

"ह्यो कागदाचा हाय. मपल्या लेकाचं कपाळ साफ व्हतं. देवीचा वणसुद्दा नाय."

मग तिनं सगळं सांगितलं. पोलीस ॲक्शन झाली त्या दिवसांत त्यांची मेंढरं पुंजारामच्या वावरात बसलेली होती. पुंजाराम गावचा मोठा जमीनदार. मेंढरं रात्री वावरात बसायची, वावराला खत मिळायचं, धनगरांना जवारी. बापजाद्यांपासूनची ही रीत. त्या गडबडीत कोणीतरी अत्तारांचं घर लुटलं. घरातली माणसं मारली गेली. मग मिल्ट्रीचा तळ चावडीवर पडला आणि चौकशी सुरू झाली. अत्तारांचं घर वावराच्या बांधाला लागून होतं. मल्हारी त्या वेळी मेंढरांपाशी होता. जेवताना तो आईला म्हणाला, मी बघितलंय, सकाळी जाऊन साहेबाला सांगनार. सकाळी तो जागेवर नव्हता.

"मंग पुंजारामदादानंच सांगितलं. म्हनला, पहाटं मिल्ट्रीची मोटार आली व्हती. मोटारीत गोरा साहेब. त्याला मेंढरं राखाया मानूस पायजे व्हता. मल्हारी बसून गेला, मी डोळ्यानं पाहिला."

द्वारकाबाईनं मनात सालं मोजली. छावणीतला शेवटचा गोरा साहेब पोलीस ॲक्शनच्या आदल्या सालीच गेला होता. त्याच्या पेट्या रामकिसननं स्वतः दोरीनं बांधल्या होत्या.

"म्या इतके दिस दादाला खोटं समजत व्हते," आक्काबाई म्हणाली. "आता गोऱ्यांच्या कागदातच त्यो निघाला. मंग दादाकडं ग्येले, कागद दाखवला, म्हनलं, खरं बोललात, दादा. मपली चूक झाली."

"काय म्हणाला मग?"

"काय नाय. नुसता बघत ऱ्हायला. पानी पिला."

तिला हवं होतं ते साधं होतं. तिच्या देव्हाऱ्यात घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली बोटभर माणसं. सासरा, नवरा, थोरला दीर. मल्हारीचा टाक नव्हता. जित्या माणसाचा टाक करायचा नसतो. मेलेल्याचा केला नाही तर तो घराबाहेर हिंडत राहतो. सून सुगंधाबाई रोज कुंकू लावायची आणि रोज सासूच्या तोंडाकडं बघायची.

"हाय का नाय, येवढंच कुनीतरी सांगाया पायजे," आक्काबाई म्हणाली. "फुडच्या कागदात त्यो कुठं ग्येला, ते तेवढं बघून ठिव. ह्यो ऱ्हाऊ दे तुपल्यापाशी, ताडून बघाया."

द्वारकाबाईनं घरी सगळे गठ्ठे सोडले. मेंढका पुढच्या अंकात नव्हता. त्याच्या पुढच्यात नव्हता. भावंडं एका कोळीवाड्यात पोचली होती आणि वाट दाखवायला एक कोळीण आली होती. पण त्याच अंकाची दुसरी प्रत निघाली. मेसमध्ये दोन साहेबांकडे एकच साप्ताहिक येत असणार. त्या प्रतीतला मेंढका तसाच उभा होता, बोट तसंच समोर. कपाळ मात्र साफ होतं. डाग छपाईच्या शाईचा होता.

पुढच्या गुरुवारी आक्काबाई आली तेव्हा हे सांगून टाकायला हवं होतं. हा कोणी नाही, एकदाच आलेला माणूस आहे, परत येत नाही. द्वारकाबाई म्हणाली, "शोधतेय अजून. गठ्ठे लई आहेत."

"शोध, बाई. सावकाश शोध."

त्याच दिवशी, बाजार भरात असताना, पुंजाराम आला. टांग्यातून उतरला तो सरळ शेवटच्या निंबाकडं. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्याला रुमाल. त्यानं गठ्ठ्यांकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"चित्राचे कागद तूच इकतेस का?"

"हो. पोरांसाठी पाहिजेत का, पाटील?"

"ती धनगराची म्हातारी आली व्हती. तिचा कागद बघायचाय."

द्वारकाबाईनं दिला. त्यानं तो हातभर लांब धरला. मग जरा डावीकडं सरकला. मग उजवीकडं. बाजूला केरसुण्या विकणारी दगडाबाई बसायची, ती म्हणाली, "पाटील, नाचताय का काय?" तो हसला नाही.

"हे बोट कुनाकडं हाय?"

"समोरच्याकडं. जो धरेल त्याच्याकडं."

"काय लिवलंय ह्याच्या तोंडाशी?"

"तिकडं," द्वारकाबाई म्हणाली. "मालक सांगायचे. सगळे तेवढंच बोलतात."

"तिकडं म्हंजी कुठं?"

"ते मला काय माहीत? चित्र आहे, पाटील. विलायतेतलं. हा कोणी तुमच्या गावचा नाही."

"बाई, मला शिकवू नगं. मानूस त्योच हाय. कपाळ बघ की. हितंच लागलंय." त्यानं स्वतःच्या उजव्या भुवईच्या वर दोन बोटं टेकवली.

"लागलंय?"

त्यानं बोटं खाली घेतली. "डाग. डाग हाय म्हनलं."

म्हातारीनं अंगठा घासत सांगितलेलं द्वारकाबाईच्या कानात होतं. कपाळ साफ व्हतं. तिच्या मांडीखाली, गोणपाटाच्या घडीत, साफ कपाळाची दुसरी प्रत होती. ती दाखवली असती तर तो कदाचित निघून गेला असता. तिनं दाखवली नाही.

"फुडं परत येतो का ह्यो?" पुंजारामनं विचारलं.

"येतो."

ती हे का बोलली, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही.

"कुठं येतो?"

"घराकडं. मेंढरं घेऊन. पुढच्या गठ्ठ्यात आहे, अजून सोडला नाही."

पुंजारामनं कागद परत दिला. देताना त्याची घडी आतल्या बाजूला घातली, बोट झाकलं जाईल अशी. टांगेवाल्यानं काय मागितलं ते न ऐकताच तो टांग्यात बसला.

"ओळखीचा दिसतो," दगडाबाई म्हणाली.

"कोणाच्या?"

"चित्रातल्याच्या."

पुढच्या गुरुवारी आक्काबाई घोंगड्या न घेताच आली. बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, इहीर बुजवतोय."

"कोण?"

"पुंजारामदादा. वावराच्या आंगाला जुनी इहीर हाय, अत्ताराच्या पडक्या घरामागं. मपला ल्योक ग्येल्यापासून तिकडं कुनाला पानी भरू दिलं नाय त्यानं. म्हनायचा, सापाचं हाय. आता गडी लावून दगडं टाकतोय. बैलगाड्यानं माती आनतोय." ती थांबली. "आपल्याकडं इहीर कुनी बुजवतं का? कोरडी पडली तर खोल करत्यात. बुजवत नाय कुनी."

द्वारकाबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि मागच्या आठवड्यातलं सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. पुंजारामनं कपाळावर बोटं टेकवून 'लागलंय' म्हटलं, तेही. मग दुसरी प्रत काढून दाखवली. म्हातारीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"कुठल्या बाजूला म्हनला?"

"उजव्या. इथं."

आक्काबाईनं आपल्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. बकऱ्यांच्या बाजारात कोणीतरी हिंदीत भांडत होतं. तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं.

"कळलं," ती म्हणाली. "सांगनारा भेटला."

"फौजदाराकडं चल, आक्का. आत्ता. मी येते बरोबर."

"काय दाखवू त्याला? गोऱ्याचं चित्र? त्यो म्हनंल, म्हातारी भ्रमिष्ट हाय." ती उठली. "आधी सराफ्यात जाते. टाक टाकते घडवाया. फुडच्या बाजाराला घिऊन जाईन. आन् तवर त्याच्या जागंवर बसते."

"कुठं?"

"दादानंच बोलावलंय. म्हनला, आक्का, यंदा मेंढरं बुजवलेल्या इहिरीवर बसव. नवी माती हाय, खत पायजे. जवारी दुप्पट घे म्हनला."

"जाऊ नको."

"सुनंला मेंढरं दिऊन खुलताबादला तिच्या भावाच्या मेंढवाड्यावर धाडते. म्या चार मेंढरं घिऊन बसते. टाक देव्हाऱ्यात बसायच्या आधी त्याच्यापाशी बसाया नगं का, बाई? सहा सालं येकटा हाय त्यो." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाली, "म्या म्हातारी. मला काय करनार हाय त्यो? टाक न्यायला येतेच की गुरवारी. तुपल्याकडूनच जाते सराफ्यात. सोबत चल."

डागाचा कागद तिनं द्वारकाबाईकडेच ठेवला.

त्या आठवड्यात थंडी वाढली. द्वारकाबाई रोज संध्याकाळी दिल्ली दरवाजाकडून येणाऱ्या मोटारवाल्यांना विचारायची, फुलंब्रीकडं काय खबर. ते म्हणायचे, काय असणार, बाई, जवारीला थंडी मानवलीय.

गुरुवारी तिनं गठ्ठे मांडले, पण सोडले नाहीत. फुलंब्रीची माणसं येऊ लागली. बकऱ्या आल्या, कोंबड्या आल्या, घोंगड्यावाल्या दोघी आल्या. आक्काबाई त्यांच्यात नव्हती.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा पुंजाराम आला. या खेपेला चालत आला, सावकाश, वाटेत कोणा ओळखीच्याला रामराम घालत. चेहरा झोप झालेल्या माणसासारखा.

"काय बाई, सोडला का गठ्ठा?"

"आक्काबाई दिसली नाही आज," द्वारकाबाई म्हणाली.

"म्हातारी? ग्येली की ती. सून आन् ती, दोघी. वाडा हालवला त्यांनी वेरूळकडं. मेंढरंवाले कवा येका जागी ऱ्हातात का?"

"कधी गेल्या?"

"पहाटं. म्या डोळ्यानं पाहिल्या."

सून आठवडाभर खुलताबादला होती. आणि टाक सराफ्यात तयार होऊन पडला होता. द्वारकाबाई सकाळीच तिकडून आली होती. सोनारानं कापसात गुंडाळलेली बोटभर चांदी उघडून दाखवली होती आणि विचारलं होतं, म्हातारी येणार ना आज? दुसरं काहीही मागं टाकून ती वाडा हलवेल, हा टाक टाकून हलवणार नाही.

"बरं झालं," द्वारकाबाई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कोणाचा वाटला. "थंडीचं उघड्यावर कशाला राहायचं म्हातारीनं."

"आता त्यो कागद दे मला. पोरांना दावतो."

तिनं गोणपाटाच्या घडीत हात घातला. तिथं दोन्ही कागद होते. तिनं बोटांनी चाचपून वरचा काढला आणि पुढं केला. साफ कपाळाचा.

पुंजारामनं तो उघडला. हातभर लांब धरला. या वेळी तो सरकला नाही. बोट त्याच्या छातीवर होतं, तरी त्यानं ते पाहिलं नाही. तो कपाळ बघत होता. बघता बघता त्याचे खांदे खाली आले.

"ग्येला," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"डाग ग्येला की." त्यानं घडी केली. "बरं झालं, बाई. लई बरं झालं."

तो भाजीकडं वळेपर्यंत द्वारकाबाई बसून राहिली. मग दगडाबाईला म्हणाली, "माझ्या गठ्ठ्यांकडं बघ. येतेच." दुसरा कागद तिनं चोळीत घातला.

चौकी बाजारापासून लांब नव्हती. फौजदार तरुण होता, नव्यानं बदलून आलेला. त्यानं तिला तीनदा विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलं? तिनं तीनदा सांगितलं, काही नाही. मी बाजारातून कुठं हललेच नाही. तिनं चित्राचा कागद टेबलावर ठेवला तेव्हा बाजूचा शिपाई हसला. फौजदारानं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, जणू तिथं काही असेल.

"चित्रावरून माणूस धरायचा का, बाई?"

"चित्र राहू द्या. त्यानं विहीर बुजवलीय. आणि बुजवल्यावर त्या म्हातारीला तिथं बसवलंय."

तेव्हा त्यानं कागद खाली ठेवला. त्याचं गाव परभणीकडं होतं.

"कोरडी असली तरी बुजवत नाही कोणी," तो हळू म्हणाला, स्वतःशीच. मग शिपायाला म्हणाला, "जीप काढ. पहारी, फावडी घे." दारातून त्यानं मागं वळून विचारलं, "वावर कुठलं? फुलंब्रीच्या अलीकडं का पलीकडं?"

"मीही येते."

"तुम्हाला नाही नेता येणार. फक्त सांगा."

द्वारकाबाईला जे आक्काबाईकडून ऐकून माहीत होतं तेवढं तिनं सांगितलं. मोठ्या रस्त्याच्या डावीकडं, अत्ताराचं पडकं घर, त्याच्यामागं. सांगताना तिनं हात लांब केला होता. जीप चालू झाली, हर्सूलकडं, फुलंब्रीच्या रस्त्याला वळली आणि धुरळ्यात गेली.

हात खाली घ्यायचं तिला थोड्या वेळानं सुचलं. चौकीसमोर आता कोणी नव्हतं. शिपायांनी जाताना दाराला बाहेरून कडी घातली होती. चौकीच्या आवारात तेवढा एकच निंब होता. त्याच्या सावलीत पुंजाराम उभा होता. जीप गेली त्या रस्त्याकडं त्यानं पाहिलं, मग तिच्याकडं. त्याच्या हातात घडी केलेला कागद होता. तो आता ती घडी उलगडत होता, सावकाश, आणि कागदावरचं चित्र तिच्याकडं करून धरत होता.